आरजी-६५ वर भंगारातली फिटिंग्ज : दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

माझी आरजी-६५, म्हणजे रिमोटवर चालणारी शिडाची छोटी मॉडेल बोट, दिवाळीच्या सुमारास पाण्यात उतरली. तेव्हापासून सुट्टी मिळाली की चालवतो, कधी तळ्यात, कधी भरतीच्या वेळी खाडीत. लांबी ६५० मिमी, शिडं वर्गाच्या नियमाप्रमाणे २२५० चौ. सेंमी.च्या आत. फिटिंग्ज मात्र जवळजवळ सगळी भंगारातली, आणि त्यातली कुठली वापरण्याजोगी हे आता खात्रीनं सांगता येतं.

सगळ्यात आधी बाउसी. दोरी ताणायची-सैल करायची ही तीन भोकांची इवलीशी पट्टी. दोरी तिच्यातून नागमोडी जाते आणि ताण आला की घर्षणानं जागच्या जागी धरली जाते. बरेच जण ती जुन्या एटीएम कार्डातून कापतात. कापायला सोपं, पण ते पीव्हीसी आपल्याकडच्या उन्हात मऊ पडतं, भोकं लांबट होतात आणि नेमकी जोराच्या वाऱ्यात बाउसी सरकते. त्यापेक्षा बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्समधला सर्किट बोर्ड घ्या. हिरवा, फायबरग्लासचा, साधारण १.६ मिमी जाडीचा. तपकिरी कागदी बोर्ड नको, तो पाणी पितो. भोक दोरीपेक्षा जेमतेम मोठं पाडायचं. मग मोठं ड्रिल बिट नुसतं बोटांत धरून दोन्ही बाजूंनी कडा मोडायच्या, पातळ सुपरग्लू मुरवायचा आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरनं ओल्यानंच घासायचं. हे टाळलं तर काचेचे तंतू दोरी कुरतडतात. कापताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसाला वाईट. एवढं केलेल्या माझ्या बाउसी अजून जशाच्या तशा आहेत.

दुसरी आवडती वस्तू म्हणजे जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल. तिच्या बुडाशी जो सांधा असतो तो दुमडतोही आणि फिरतोही. बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, डोलकाठीला जोडायला नेमकं हेच लागतं. फक्त तो मुळात घट्ट असतो. स्क्रू इतका सैल करा की नुसत्या फुंकरीनं बूम वळला पाहिजे, आणि मग नेलपॉलिशचा थेंब टाकून स्क्रू तिथेच पक्का करा. वरच्या नळ्या एकीत एक बेताच्या बसतात, त्यातली एक सुकाणूच्या दांड्यासाठी वापरली. नळी पितळी आहे का ते लोहचुंबकानं तपासा. डाग द्यायच्या (सोल्डर करायच्या) आधी वरचा क्रोम घासून काढा, नाहीतर डाग धरत नाही. आत व्हॅसलीन भरलं की पाणी वर चढत नाही.

सायकलच्या २ मिमीच्या स्पोकनंही चांगली साथ दिली. निपलसकट (टोकाच्या छोट्या नटासकट) घेतला तर आयते आटे मिळतात, किकरची, म्हणजे बूम वर उचलू न देणाऱ्या तिरक्या दांडीची, लांबी बोटानं फिरवून जुळवता येते. पण स्वस्त स्पोक जस्ताचा मुलामा दिलेले असतात, कापलेल्या टोकाला खाडीच्या पाण्यात गंज धरतो. तिथे स्टेनलेसच हवा.

गच्चीवरच्या जुन्या टीव्ही अँटेनाच्या ॲल्युमिनियम नळ्यांची डोलकाठी करायचा मोह होतो. एवढ्या छोट्या बोटीला वरचं ते वजन सोसत नाही, बोट आडवी झाली की उठायला वेळ लावते. डोलकाठी कार्बनचीच ठेवली. पुढच्या शिडाचा स्विव्हलही (ते शीड मोकळं वळू देणारी फिरती कडी) गळाच्या दुकानातून नवाच आणला. तो घरी कितीही जपून केला तरी हलक्या वाऱ्यात अडकतो.