फोन दुसऱ्याच्या हाती देताना: अतिथी खाते, अ‍ॅप लॉक की पिनिंग?

‘जरा तुझा फोन दे रे’ या मागणीला घरच्या माणसांत नकार देता येत नाही, आणि दिल्यावर समोरच्याच्या खांद्यावरून डोकावत राहणेही बरे दिसत नाही. अँड्रॉइड फोनवर त्यासाठी प्रामुख्याने तीन उपाय आहेत: पाहुण्यासाठी वेगळे, रिकामे खाते (अतिथी खाते), निवडक अ‍ॅपना वेगळे कुलूप (अ‍ॅप लॉक) आणि फोन एकाच अ‍ॅपवर खिळवून ठेवणे (पिनिंग). ते तिन्ही मी आलटून पालटून वापरले आहेत. स्क्रीन लॉक तुम्ही लावलेलेच आहे आणि त्याचा पिन घरभर ठाऊक नाही, असे गृहीत धरून पुढचे लिहीत आहे.

संरक्षणाच्या दृष्टीने अतिथी खाते सर्वांत भक्कम आहे, याबद्दल दुमत नसावे. २०१४ साली अँड्रॉइड ५ बरोबर ही सोय फोनवर आली. अतिथीला तुमचे फोटो, संदेश वा खाती दिसत नाहीत आणि काम झाल्यावर त्याने केलेले सारे पुसून टाकता येते. अडचण एवढीच की रिकामा फोन कोणालाच नको असतो. आत्याला साखरपुड्याचा जो व्हिडिओ पाहायचा असतो, तो माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला असतो. भाच्याने परीक्षेचे प्रवेशपत्र उतरवून घेतले, तर अतिथी खाते पुसताना ती पीडीएफही जाते. अतिथीला कॉल करण्याची मुभा दिली, तर तुमच्या कॉलची यादी त्याच्यासमोर उघडी होते. शिवाय सॅमसंगच्या अनेक फोनवर ही सोय दिलेलीच नाही. तरीही एखाद्याचा फोन दुरुस्तीला गेला असेल आणि तुमचा जुना फोन त्याला दोन दिवस द्यायचा असेल, तर मी बिनदिक्कत अतिथी खातेच सुचवीन.

अ‍ॅप लॉकची सोय शाओमी, रिअलमी, विवो यांच्या बहुतेक फोनमध्ये मुळातच असते; व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ मध्ये निवडक संवादांना वेगळे कुलूप दिले, आणि २०२४ च्या अँड्रॉइड १५ मध्ये खाजगी अ‍ॅपसाठी स्वतंत्र कप्पाही आला. एकदा लावले की विसरून जावे, इतके हे सुटसुटीत आहे, आणि मी याच उपायावर सर्वाधिक काळ विसंबून होतो. माझे मन त्यावरून उडाले ते वरून घसरत येणाऱ्या सूचनांमुळे. भाची गेम खेळत असते, तिच्या शेजारी दोन काका बसलेले असतात, आणि बँकेचा ‘खात्यातून इतके रुपये वजा’ हा संदेश पडद्याच्या माथ्यावर येऊन सर्वांना आकड्यासह वाचायला मिळतो. कुलूप अ‍ॅपच्या दाराला असते. सूचना मात्र खिडकीतून आत येते. लॉक स्क्रीनवरील मजकूर लपवण्याची सोय येथे उपयोगी पडत नाही, कारण फोन उघडाच असतो. काही कंपन्या कुलूपबंद अ‍ॅपच्या सूचनांचा मजकूर झाकून देतात, पण नवे अ‍ॅप घेतले की त्याला कुलूप लावण्याचे काम आपल्याकडेच येते. सूचना आणि कॉल गप्प करणारे ‘व्यत्यय आणू नका’ सुरू केले, तर ते बंद करायचे राहून जाते आणि महत्त्वाचे कॉल चुकतात. पगाराचा वा हप्त्याचा आकडा नातेवाइकांत फुटणे ही लहान गोष्ट वाटेल. पण त्याच पट्टीवर ओटीपीही येतो, आणि तो वाचण्यासाठी संदेशांचे अ‍ॅप उघडण्याची गरज नसते.

पिनिंग मला येथे उजवे वाटते. हवे ते अ‍ॅप उघडावे, अलीकडील अ‍ॅपच्या पडद्यावर जाऊन त्याच्या चिन्हावर बोट ठेवावे आणि ‘पिन करा’ निवडावे. फोन त्या अ‍ॅपपुरता उरतो. वरची पट्टी कोरी होते आणि सूचना दिसत नाहीत, ज्याचा मला सर्वाधिक त्रास होता तेच नेमके थांबते. सेटिंग्जमधील सुरक्षेच्या भागात ही सोय आधी सुरू करावी लागते, आणि तेथील ‘अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा’ (येथे पिन म्हणजे स्क्रीन लॉकचा आकडा) हा पर्याय सुरू केल्याशिवाय तिला फारसा अर्थ नाही, कारण बाहेर पडण्याची खूण मुले पाहता पाहता शिकतात. त्यातही मला आवडते ती गोष्ट अशी की पिन करायला क्षणभर पुरतो. खाते बदलताना समोरच्याच्या चेहऱ्यावर जो ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असा भाव उमटतो, तो येथे टळतो.

अर्थात पिन केलेल्या अ‍ॅपमधले सारे उघडेच राहते. यूट्यूब दिले, तर पुढे कितीतरी दिवस तुम्हाला बालगीतेच सुचवली जातील; त्यासाठी आधी गुप्त मोड लावून घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅप पिन करण्यात तर काहीच हशील नाही. आत्याचा व्हिडिओ मी आता गॅलरीतून दाखवतो. पण फोटोंच्या बाबतीत पिनिंग लंगडेच पडते, कारण एक फोटो दाखवला की पाहणाऱ्याचे बोट डावीकडे-उजवीकडे सरकतेच. येथे आयफोनवरील ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ ही पिनिंगसारखीच सोय सरस आहे असे मला प्रामाणिकपणे म्हणावे लागेल; त्यात पडद्याचा स्पर्शच बंद करता येतो. आधारकार्डाचे आणि अहवालांचे फोटो मी गूगल फोटोजच्या लॉक केलेल्या फोल्डरमध्ये हलवले आहेत, आणि एवढ्यावर माझे भागते.

अनोळखी माणसाला कॉल करण्यापुरता फोन देण्याचा प्रश्न मात्र तिन्ही उपायांच्या बाहेरचा आहे. स्टार ४०१ ने सुरू होणारा संकेत फिरवून तुमचे कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळवण्याची फसवणूक इतकी बोकाळली होती की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा संकेतांनी कॉल वळवण्याची सोय थांबवण्याचे आदेश दिले. तरीही एसटी स्टँडवर कोणी फोन मागितला, तर क्रमांक विचारून मी स्वतःच लावतो, स्पीकर सुरू करतो आणि फोन माझ्या हातातच ठेवतो.