बाप्तिस्म्याचा झगा: आठ महिने आणि दोन बाळांनंतर

कापड, लेस, लांबी वगैरे विक्रीच्या पानावर दिलेलंच आहे. मला बोलायचंय ते गळ्याबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

बटणं फक्त पाठीवर. मोत्यासारखी अकरा, प्रत्येकाला बारीक कापडी लूप. पुढून गळा मानेलगत बंद. कॅथलिक विधीत पाणी ओतण्याआधी बाळाच्या छातीला तेल लावतात (काही ठिकाणी हा भाग गाळतात). म्हणजे फादरांना छातीचा वरचा भाग उघडा मिळायला हवा. या झग्यात त्यासाठी बाळाला पालथं धरून निदान चार बटणं सोडावी लागतात, आणि धर्ममातेच्या (विधीत बाळाची मानलेली आई) घामेजल्या बोटांतून ते लूप सटकत राहतात. नाहीतर गळा खाली ओढायचा. पहिल्या बाळाच्या वेळी तेच केलं आणि डाव्या खांद्याची शिलाई उसवली. खास बाप्तिस्म्यासाठी शिवलेल्या कपड्यात एवढाही विचार नसावा, याचा अजून राग येतो.

उपाय साधा आहे. शिंप्याकडून पुढे दहा सेंटिमीटरची चीर, आतून पट्टी आणि तीन टिचबटणं. टिचबटणं प्लास्टिकचीच घ्या, धातूची साठवणीत गंजतात. दुसऱ्या बाळाच्या वेळी सगळं दोन सेकंदांत उरकलं. चीर द्यायची नसेल तर बाळाला पुढून उघडणाऱ्या सुती झबल्यात न्या आणि झगा नंतर घाला. विधीत शुभ्र वस्त्राचा क्षण पाणी आणि मस्तकावरच्या तेलानंतरच येतो. फक्त अकरा बटणांना लागणारा वेळ फादरांना आधी सांगून ठेवा.

कापडाबद्दल मत बदललं. सुरुवातीला वाटायचं, सुती कशाला, चुरगळतं, साटीन बरं होतं. आता उलट वाटतं. सुती कापड घाम शोषतं, गरम पाणी सोसतं, आणि विधीतली पेटती मेणबत्ती जवळ असताना पॉलिएस्टरसारखं वितळून कातडीला चिकटत नाही. लेस मात्र नायलॉनची आहे, त्यामुळे मेणबत्ती धरणाऱ्याने हातभर लांबच उभं राहायचं.

तिसऱ्या महिन्यात कॉलरच्या मागे पिवळा डाग उमटला. मस्तकाला लावलेलं तेल ओल्या केसांवरून कॉलरवर उतरतं. हे बहुधा ऑलिव्ह तेल असतं, त्यात सुगंधी बाल्सम मिसळलेला. नुसत्या साबणाने धुतलं की डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण उरलेलं तेल हवेशी संयोग होऊन पिवळं पडतं. विक्रेत्याने 'धुतलेला माल बदलत नाही' म्हणून हात वर केले. म्हणून त्याच दिवशी तेल टिपून घ्या, चोळू नका. वर कॉर्नफ्लोअर भुरभुरून वीस मिनिटं ठेवा, झटका, मग भांड्यांच्या द्रव साबणाचा थेंब लावून कोमट पाण्यात धुवा. दुधाची गुळणी पडली असेल तर आधी थंड पाणी. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको, उष्णतेने तो पक्का बसतो. आमचा जुना डाग सोडियम परकार्बोनेट (डाग काढायची ऑक्सिजन-ब्लीच पूड) घातलेल्या कोमट पाण्यात चार तास भिजवल्यावर फिका झाला, गेला नाही.

ठेवताना खळ घालू नका, कसर लागते. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. आम्लरहित कागदात सैल गुंडाळा, दर काही महिन्यांनी घड्या बदला. डांबरगोळ्या अजिबात नकोत: जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाला नॅफ्थलीनमुळे रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो.

माप वयावर घेऊ नका. तीन महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४० सेंटिमीटर असतो. वरची बटणं सोडून गळा तेवढा उघडतो का, ते टेपने बघा. गाडीत बाळाच्या आसनावर झगा घालून बसवू नका, कापडाच्या थरामुळे पट्टा सैल राहतो. चर्चमध्ये पोचल्यावर घाला. टोपडं पाण्याआधी काढावंच लागतं, तेव्हा नाडीला गाठ न मारता सुरगाठ बांधा.

पाचपैकी तीन. चीर दिल्यावर चार.