सी की ई? गावाकडे जुनी मर्सिडीज घेताना

जुनी मर्सिडीज घ्यायचं पक्कं झालं, डिझेलच हेही ठरलं, की माणूस येऊन अडतो तो सी-क्लास आणि ई-क्लासपाशी. इथे दोनच पिढ्यांबद्दल बोलू. सी म्हणजे २०१४ च्या शेवटी आपल्याकडे आलेली डब्ल्यू २०५, आणि ई म्हणजे २०१७ मध्ये आलेली लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली, व्ही २१३. दोन्ही चाकणला बनलेल्या. सनरूफ, स्क्रीन, सीटच्या आठवणी साठवणारी बटणं यांची यादी कुठेही मिळते, ती सोडून देतो.

इंजिनावर भांडण नाहीच. ई २२० डी आणि २०१८ मध्ये चेहरा बदलून आलेली सी २२० डी, दोन्हींत एकच ओएम ६५४ इंजिन आहे: १,९५० सीसी, १९४ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर, आणि मागे नऊ गिअरचा ऑटोमॅटिक. त्याआधीच्या सी २२० मध्ये जुनं २,१४३ सीसीचं ओएम ६५१ होतं. ते जास्त खडखडतं. शिवाय त्याची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे चेनचं काम निघालं तर पार्टपेक्षा मजुरी जड. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना दोन-तीन सेकंद खर्रर आवाज आला, तर ती गाडी तिथेच सोडून परत यावं. सी घ्यायची तर चेहरा बदलल्यानंतरचीच घ्यावी, असं मला वाटतं. एवढं धरलं की तेल, फिल्टर, गिअरबॉक्स सगळं सारखंच होतं, आणि उरते ती दोघींची अंगकाठी.

मागच्या सीटचं ई ला पूर्ण श्रेय दिलं पाहिजे. सीचा व्हीलबेस २,८४० मिलिमीटर, ईचा ३,०७९. हे वाढलेले जवळपास २४ सेंटीमीटर बहुतेक मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यापुढेच गेलेत. गुडघे दुखणाऱ्या आईला पाय सैल सोडून बसता येतं, दार मोठं असल्याने नऊवारीतल्या आजीलाही आत शिरताना अंग चोरावं लागत नाही. सीमध्ये मागे दोघं नीट बसतात, तिसऱ्याच्या पायात गाडीच्या तळाचा मधला उंचवटा येतो, आणि मांडीला आधार कमीच. शेगाव किंवा नागपूर असा दीडशे किलोमीटरचा पल्ला सीच्या मागे बसून केला की उंच माणूस उतरल्यावर कंबर झटकतोच. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता दोन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो, तिथेही लांब गाडी कमी हेलकावते. समृद्धीवर तर विचारूच नका, १२० च्या मर्यादेत ई म्हणजे घरचा पलंग.

पण समृद्धीवर कुणी राहत नाही. गाडी शेवटी वावराच्या, वाड्याच्या, कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावर येते, आणि तिथे ईचं पोट लागतं.

गतिरोधकाला सगळे शिव्या देतात, पण गुन्हेगार दुसराच आहे. अरुंद गतिरोधक असेल, म्हणजे फूट-दीड फूट रुंदीचा, तर पुढची चाकं उतरून मागची चढायच्या मधल्या वेळात तो गाडीखाली एकटा उभा असतो. तिथे फक्त गाडीखालची उंची बघायची, व्हीलबेसचा संबंध नाही. सी आणि ई तिथे सारख्याच घासतात किंवा सारख्याच वाचतात. व्हीलबेस आडवा येतो तो रुंद पाठीच्या चढावर: कालव्याचा बांध, रेल्वे फाटक, नाल्यावरचा जुना उंच पूल, आणि हल्ली सगळ्यात जास्त, सिमेंटचा झालेला गावरस्ता. रस्ता सिमेंटचा होतो तेव्हा तो जुन्या डांबरावरच चढवतात. घराचं अंगण होतं तिथेच राहतं, रस्ता वर जातो, आणि मधे घरमालक मुरूम नाहीतर सिमेंट टाकून एक छोटी टेकडी करून घेतो. बोलेरो, ट्रॅक्टर तिच्यावरून बिनघोर जातात. मर्सिडीज जात नाही.

हिशोब साधा आहे. चढाची पाठ आठ मीटर त्रिज्येच्या वर्तुळासारखी धरली, तर दोन्ही चाकं तिच्यावर असताना मधला भाग सीच्या बाबतीत सुमारे १२७ मिलिमीटर वर येतो, ईच्या बाबतीत सुमारे १५०. फरक २२-२३ मिलिमीटरचा, इंचाला थोडा कमी. लांबून बघता काहीच नाही. पण या दोन्ही गाड्यांच्या पोटाखाली भरल्यावर जी जागा उरते, त्यात हा इंचच ठरवतो की गाडी निघून गेली की खरवडून गेली. आणि यातली खरी गंमत अशी, की ई घेतली जाते ती मागच्या सीटसाठी, आणि मागची सीट भरली, डिकीत तुरीच्या डाळीचं कट्टं टाकलं, की पोट आणखी खाली येतं. रिकामी गाडी विकणाऱ्याच्या अंगणातून सफाईने निघते. चार जणांना घेऊन आपल्या दारात येते तेव्हा आवाज करते.

घासून काय होतं? पहिल्यांदा खालचं प्लास्टिकचं कव्हर जातं. क्लिपा तुटतात, कोपरा लोंबतो, ८० च्या वर फडफडतो, मग रस्त्यावर ओढला जाऊन अर्धा फाटतो. गावातल्या गॅरेजवाल्याने तार बांधून दिलेलं कव्हर कितीतरी गाड्यांखाली सापडेल. कव्हर गेलं की पुढचा मार थेट गिअरबॉक्सच्या तळाला. नऊ गिअरच्या या गिअरबॉक्सचा तेलाचा ट्रे प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्याच्यातच बसवलेला. तडा गेला तर वेल्डिंग नाही, ठोकाठोकी नाही, अख्खा ट्रे बदलायचा आणि तेल पुन्हा ठरावीक तापमानाला लेव्हल करायचं, ते काम तालुक्याला होत नाही. घासल्यानंतर खाली थेंब दिसला तर गाडी चालवत नागपूरला नेऊ नका, उचलून न्या. तेल कमी झालेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिथे पोहोचेपर्यंत जळतो.

"तिरकी घाला ना भाऊ," असं कुणीतरी म्हणतंच. सल्ला बरोबर आहे, पण तिरकी घालायला रस्त्याला रुंदी पाहिजे. गावरस्ता पावणेचार मीटरचा, अनेक ठिकाणी तीनचाच, आणि ई ५.०६ मीटर लांब. सी ४.६९ मीटरची आहे, तीही फार तिरकी होत नाही, पण थोडी तरी होते. स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकून गाडी उचलायचा उपाय दोन्हींवर टाळावा. हेडलाइटचा मारा बदलतो, चाकांचं अलाइनमेंट बिघडतं आणि बुश अवेळी जातात.

घेण्याआधी एक मोजमाप करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. वीस सेंटीमीटर उंचीचे दोन सारखे ठोकळे घ्या, सिमेंटच्या विटा चालतील. तुमच्या दारातल्या चढाच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून २.८४ मीटरवर, चाकांच्या वाटेत ठेवा. वरून दोरी कसून ताणा आणि चढाच्या सगळ्यात उंच जागी दोरी ते जमीन अंतर टेपने मोजा. समजा सात सेंटीमीटर आलं, तर चढाने वीसपैकी तेरा खाल्ले. ठोकळे थोडे पुढे-मागे सरकवून सगळ्यात वाईट आकडा शोधा. मग हेच ३.०८ मीटरवर करा. आता गाडीत पाच जण बसवून, सपाट फरशीवर, दोन्ही चाकांच्या मधला सगळ्यात खालचा भाग किती वर आहे ते मोजा. त्यातून चढाचा आकडा वजा करून अडीच सेंटीमीटर तरी शिल्लक राहिले पाहिजेत, कारण ब्रेक मारला की गाडी वाकते आणि चढावर कधी ना कधी ब्रेक लागतोच. ही दोरी फक्त दाराशी ताणू नका. वावराकडे जाणारा कालवा आणि सासुरवाडीचं फाटक, दोन्हीकडे ताणा.

टायरचं बघू. इथे ई किंवा सी यापेक्षा रिम किती इंची, हे महत्त्वाचं. २२५/५५ आर १७ असेल तर रबराची भिंत १२४ मिलिमीटर, २२५/५० आर १७ ला ११२, २४५/४५ आर १८ ला ११०, आणि २२५/४५ आर १८ ला १०१. भिंत जेवढी कमी तेवढा खड्ड्याचा मार थेट रिमवर. साइडपट्टी न भरलेल्या सिमेंट रस्त्याची कड ही खड्ड्यापेक्षा वाईट. समोरून कापसाचा ट्रक आला की एक चाक खाली उतरवावं लागतं, आणि परत चढताना टायर त्या धारेवर चिमटतं. दोन दिवसांनी भिंतीवर लिंबाएवढा फुगा येतो. आतले धागे तुटलेले असतात, त्याला पंक्चरचा इलाज नाही, टायर बदलायचं, आणि त्याच आसावरचं दुसरं झिजलेलं असेल तर तेही. म्हणून दोन्हींत १७ इंचीच शोधा, १८ चं सौंदर्य शोरूमपुरतं. लिफ्टवर चाक फिरवून रिमची आतली कड बघा, बाहेरून गोल दिसणारी रिम आतून चेपलेली असते. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात सिमेंटवर १२० ने पळवायची असेल तर पाच-सहा वर्षांपुढचं रबर नको, नक्षी कितीही शिल्लक असो.

स्टेपनी दोन्हींची बारीक, तात्पुरती, ताशी ८० च्या आत चालवायची, आणि दोन्हींत ती डिकीतच पसरून बसते. ईची डिकी कागदावर मोठी, पण मोठी बॅग ठेवायची वेळ आली की स्टेपनीशी भांडण सारखंच.

शेड मोजा. सोळा फुटी पत्र्याच्या शेडमध्ये सी मावते आणि वीतभर जागा उरते, ईची शेपटी उन्हात राहते. शेडमध्ये सोयाबीन-तुरीची पोती असतील तर उंदरांसाठी बॉनेट म्हणजे उबदार घर. वायरिंग कुरतडलं की दिवे लागतात सतरा आणि दोष असतो एका वायरीत. पोती दुसरीकडे हलवा, रात्री थोडा वेळ बॉनेट उघडं ठेवा, महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन आत बघा. जिनिंगजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कंडेन्सरवर कापसाची रुई बसून एसी मार खातो. हलक्या पाण्याने धुवायचं, जोराचा पंप मारला की जाळी वाकते.

बीएस ६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या डिझेलमध्ये घर ते वावर, तीन किलोमीटर, एवढंच रोज असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, चोंदतो. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात मोठ्या रस्त्यावर फिरवून आणा. अ‍ॅडब्लूचा, म्हणजे धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याचा, कॅन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, उन्हाळ्यात तो लवकर खराब होतो. दोन्हींना सारखंच लागू.

कागदपत्रांचं एक. दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीच्या धास्तीने दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्त होत आल्या, त्यात ई जास्त. पण इथे आणून नोंदणी करताना कर मूळ किमतीवरून वयाची घट धरून काढतात, त्यामुळे महाग गाडीचा करही महाग. शहरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा पट्टा स्वच्छ आणि आतल्या टोकाला मातीची रेघ असेल तर बाकी काही तपासू नका.

माझा कल कुठे आहे हे एव्हाना कळलं असेलच. ज्याच्या घरी रोज मागे बसणारं वयस्कर माणूस आहे, ज्याचं घर डांबरी रस्त्याला लागून आहे आणि गाडी मुख्यतः नागपूर-अमरावतीलाच जाते, त्याने ई घ्यावी, मी अडवणार नाही. फक्त स्टीलच्या स्प्रिंगची घ्यावी. हवेच्या सस्पेंशनची मिळत असेल तर संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेपने मोजून लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. एखादा कोपरा बोटभरही बसलेला असेल तर गळती आहे, आणि कॉम्प्रेसर त्या गळतीशी झगडून कधीचा थकलेला असणार. बाकीच्यांना सी पुरते. त्याच पैशात ती दोन-तीन वर्षं नवी मिळते, हा वरचा फायदा.

कुठलीही घ्या, ट्रायल विकणाऱ्याच्या गावात नको म्हणा. गाडी आपल्या गावात बोलवा, मागे तिघं धडधाकट पोरं बसवा, एकाला कालव्याच्या कडेला वाकून खाली बघायला उभं करा, आणि हळूच वर चढवा.