लाउंज की बांद्याची खानावळ? मोपाला निघणाऱ्यांसाठी

सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला या बाजूने उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर जाणाऱ्यापुढे हल्ली एक प्रश्न असतो: जेवायचं कुठे? घरून लवकर निघून, सिक्युरिटी उरकून लाउंजमध्ये, म्हणजे बँकेच्या कार्डावर आत सोडणाऱ्या विमानतळावरच्या बसण्या-खाण्याच्या दालनात, की वाटेत गोव्याच्या हद्दीलगतच्या बांद्याला गाडी थांबवून खानावळीत, आणि मग थेट गेटपाशी? मी दोन्ही करतो. कुठे कल आहे ते पुढे कळेलच.

लाउंजमध्ये काय असतं ते सांगत बसत नाही. एकट्याने, ऑफिसच्या कामासाठी, पहाटेच्या विमानाने जायचं असेल तर लाउंजला तोड नाही. त्या वेळी बांद्यात चहासुद्धा मिळेल याची खात्री नसते. आत लॅपटॉप लावायला जागा मिळते, स्वच्छतागृहासमोर रांग नसते, कॉफी हवी तितकी. कार्डावर दोन रुपये कापून हे सगळं मिळत असेल तर नाही कशाला म्हणा? मात्र आपलं कार्ड अजून चालतं का ते घरीच पाहून घ्या. बऱ्याच बँकांनी आता मागच्या तिमाहीतल्या खर्चाची अट घातली आहे. मशीनने नकार दिला की मागची रांग आपल्याकडेच बघते.

पावसाळ्यात लाउंजचं पारडं आणखी जड होतं. ढग खाली उतरले की विमानं लांबतात, आणि गेटसमोरच्या खुर्चीवर तीन तास म्हणजे पाठीचं भरीत. पण इथे एक मेख आहे. प्रवेश एकदाच मिळतो आणि आत बसायची मुदत साधारण दोन-तीन तासांची असते. सिक्युरिटी झाल्याझाल्या आत घुसलात आणि त्यानंतर उशीर जाहीर झाला, तर खरी गरज पडते तेव्हा तुम्ही बाहेर. म्हणून मी आधी आपलं विमान मागच्या गावाहून उडालं का ते मोबाइलवर बघतो, मग कार्ड काढतो.

माझं घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. आई-बाबांना घेऊन निघालो होतो, विमानतळ कुठला ते सोडून देऊ. काउंटरवरच्या मुलीने अगदी नम्रपणे सांगितलं, एका कार्डावर एकच माणूस, बाकी दोघांचे पैसे भरावे लागतील. आकडा माणशी हजाराच्या वर होता. बाबांनी तो ऐकला आणि म्हणाले, "एवढ्यात आठवड्याचो बाजार येता. तू जा, खावन ये. आमी हय बसतंव." आई तोवर पिशवी मांडीवर घेऊन बसलीसुद्धा. आता त्यांना बाहेर बसवून मी आत इडली-सांबार खाणार? पैसे भरले असते तर बाबांनी प्रत्येक घासाचा हिशेब मांडला असता. नियम नियमाच्या जागी बरोबर आहे, त्या मुलीचा काही दोष नाही. पण आमच्याकडची माणसं एकेकटी प्रवास करत नाहीत, आणि लाउंज एकट्यासाठीच आखलेलं असतं.

शिवाय विमानतळावर सोडायला अर्धं घर येतं. गाडी चालवणारा भाऊ, "मोपा बघूक" आलेली काकी, मागच्या सीटवरची दोन पोरं. त्यांना टर्मिनलच्या दारातूनच परत फिरावं लागतं. खानावळीत हे सगळे एका टेबलावर बसतात. ताटात तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, आणि वाटी रिकामी दिसली की न विचारता ओतली जाणारी सोलकढी. लाउंज कुठल्याही शहरातलं असो, मला तरी तिथे पनीर, चिकन आणि पिवळी डाळ यांच्यापलीकडे फारसं काही भेटलेलं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा ताजा मासा बेताचाच मिळतो; मग उसळ-पाव किंवा काळ्या वाटाण्याची आमटी. तीही लाउंजच्या डाळीपेक्षा मला बरी वाटते, पण मी मालवणी आहे, एवढं ध्यानात घ्या.

खानावळीचा धोका वेळेचा. थाळीला उशीर होतो, कोणीतरी ओळखीचं भेटतं. देशांतर्गत विमान सुटण्याच्या तासभर आधी बॅग घेणारं काउंटर बंद होतं, तेव्हा निदान दोन तास हातात ठेवून बांद्याहून उठावं. पत्रादेवीचा नाका ओलांडून धारगळला आलात की पुढे सहापदरी जोडरस्ता थेट मोपाला नेतो.

दाबोळीहून, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळावरून उडणार असाल तर मात्र माझं मत बदलतं. म्हापसा, पर्वरी, मांडवी, जुवारी एवढं सगळं मध्ये असताना वाटेत जेवायला थांबायची हिंमत माझ्यात नाही. पर्वरीची कोंडी धरून लवकर निघावं लागतं, नशिबाने रस्ता मोकळा मिळाला तर तिथे पोचून वेळच वेळ उरतो. त्या वेळेपुरतं लाउंज ठीक. आई-बाबा बरोबर असतील तर घावणे-चटणीचा डबा घ्या. घावणे सिक्युरिटीत अडवत नाहीत. चटणी कोरडी असू द्या, आणि लोणच्याची बरणी चेक-इनच्या बॅगेत घाला.