घोडीसाठी घर बघायला गेलो अन् भरल्या हौदाला फसलो

आधीच सांगतो, पैसे गेले ते गेले, ४९ हजारातले १२ परत आले, बाकीच्यावर पाणी सोडलंय. पण आपल्या भागात घोडी पाळणारे अन् भाड्यानं घर शोधणारे अजून बरेच असतील म्हणून लिहितोय, जरा लांबण लागेल.

मी लोहा तालुक्यातला, मास्तर आहे. आमच्याकडं माळेगावच्या खंडोबाची यात्रा म्हणजे घोड्यांचा बाजार, लहानपणापासून तिथंच फिरलेलो, तीन वर्षांपूर्वी तिथूनच चांदणी आणली. अबलख घोडी, स्वभावानं एकदम गरीब. मग बदली लातूरकडं झाली. शहरात फ्लॅट मिळतो हो, पण घोडी ठेवू देणारं घर? फोनवर "सोबत घोडी आहे" म्हटलं की समोरचा आधी हसतो अन् मग नाही म्हणतो. असे अठरा-वीस नकार झाले. आणि हेच खरं दुखणं आहे, घोडीवाला माणूस घर बघायला जातो तेव्हाच अर्धा हरलेला असतो, दुसरं कुठं मिळायचं नाही हे त्याला पण माहीत अन् समोरच्याला पण माहीत.

तर औसा रोडच्या आत एका गावाबाहेर शेतातलं घर आहे म्हणून एकाचा फोन आला. स्वतःला मालक म्हणायचा. "सर तुमी या तर खरं, आपल्याकडं आधी दोन घोडे होते." फेब्रुवारीचा शेवट होता, मी अन् बायको गाडीवर गेलो. दोन खोल्या, पुढं ओटा, बाजूला पत्र्याचं शेड, शेडच्या चौकटीला नाल ठोकलेली, खुंटीला जुना लगाम. अन् समोर हौद, काठोकाठ भरलेला. मी तर तिथंच खुश झालो.

बायको म्हणाली, "अहो हा हौद कसा आजच धुतल्यासारखा दिसतोय." मी म्हटलं बरंय की, माणूस स्वच्छ आहे. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली मारावी वाटते. बारमाही पाणी असलेल्या हौदाला आतून हिरवं शेवाळ धरतंच, तळाशी गाळ असतो. ह्याला शेवाळाचा एक ठिपका नव्हता, वरच्या अंगाला जुने पांढरे क्षाराचे डाग अन् फाटकापासून हौदापर्यंत जाडजूड टायरचे वळ, ओल्या मातीत. ट्रॅक्टर आला असेल म्हणून मी मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळा.

बोअर चालू करून दाखव म्हटलं तर म्हणे, "लाईट रात्रीची हाय सर ह्या आठवड्यात." हे पण खरंच वाटतं ना, शेतीची लाईट आठ तास अन् एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, मराठवाड्यात हे कोणाला सांगायला नको. खोटं बोलायचं तर असं, त्यात निम्मं खरं घालून. रात्री परत यायला पाहिजे होतं. नाही गेलो.

भाडं ७ हजार, डिपॉझिट ३५, अन् फोन जोडून देणाऱ्या पोराला एक महिन्याचं कमिशन, असे ४९. सगळे फोनवरून पाठवले. करारनामा? "रजिस्टर कशाला करता, उगं खर्च." पाचशेच्या बाँडवर दोन सह्या. लक्षात घ्या, भाडेकरार ऑनलाईन नोंदवायचा म्हटलं की मालकाचा आधार अन् अंगठा लागतो, खोटा मालक तिथंच अडकतो, म्हणून तर त्याला खर्चाची एवढी काळजी होती.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पिकअपमधून चांदणीला आणली. चार दिवसात हौद निम्म्यावर. बोअर सुरू केला तर पाच मिनिटं मचूळ पाणी अन् मग नुसती हवा, फस्स फस्स. घोडीला साध्या दिवसात ३०-४० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात ५० पर्यंत जातं, वर आम्ही चौघं. टँकर हजार-बाराशेला, बारा-तेरा दिवस पुरायचा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे मी वर्गात पोरांना शिकवतो, अन् स्वतः घर घेताना पाण्याचा प्रश्न विचारला तो हौदाकडं बघून.

ते मचूळ पाणी चांदणी तोंड लावून सोडायची. मी म्हटलं तहान लागली की पिईल. वर खायला सगळा वाळका कडबा. नवव्या रात्री पाय आपटायला लागली, सारखी कुशीकडं वळून बघायची, मग बसली अन् लोळायला लागली. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, जे अडकलं ते आतच, त्यामुळं हे दुखणं जिवावर बेततं. डॉक्टर साडेबाराला आले, नाकातून नळी घालून तेल-पाणी सोडलं, इंजेक्शन दिलं, अन् मी पहाटेपर्यंत तिला दोरीनं धरून फिरवत होतो त्या ओट्यापुढं. साडेचारला लीद टाकली तेव्हा बायको रडली. मी पण.

दुसऱ्या दिवशी बांधावरचे मामा आले बघायला. त्यांच्याकडून कळलं की इथं घोडा कधी नव्हताच, शेळ्या होत्या, नाल मागच्याच महिन्यात ठोकली. अन् कुंपणाला जी लाल फुलं मला शोभेची वाटत होती ती कण्हेर, म्हणजे घोड्याला चक्क विष, पाला खाल्ला तर संपलं. घोडे पाळलेला माणूस कण्हेर लावेल होय? हे तर मलाच कळायला पाहिजे होतं, मास्तर कसला मी.

मग गट नंबर घेऊन सातबारा काढला, डिजिटल सहीचा, १५ रुपयांत. ४९ हजार द्यायच्या आधी ते १५ खर्चायचे राहिले बघा. तीन भावांची नावं, ह्या बाबाचं कुठंच नाही. तो नुसता राखणीला ठेवलेला. मालक पुण्यात, फोन लावला तर म्हणाले आम्ही कोणाला भाड्यानं दिलंच नाही. पोलिसात गेलो, आधी "हे दिवाणी मॅटर आहे सर" झालं, मग मी म्हटलं मालक नसताना मालक म्हणून पैसे घेतले ही फसवणूक आहे, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. अर्ज घेतला. त्याला बोलावून घेतल्यावर १२ हजार टाकले त्यानं, बाकीचे "सोयाबीन विकल्यावर देतो सर". कुठल्या रानातलं सोयाबीन देव जाणे.

आता चांदणी रेणापूरकडं एका पालकाच्या शेतात आहे. तिथं गेल्यावर मी पहिल्यांदा काय केलं तर लाईट आल्यावर रात्री अकराला जाऊन दीड तास बोअर चालू ठेवून बसलो, पाणी तोंडात घेऊन बघितलं, मग कुंपणाचं एक एक झाड. ते पालक म्हणाले सर तुम्ही घर घेताय का पोरगी देताय.

परवा मामांचा फोन आला होता, सहज. म्हणाले, "सर, आज सकाळी सकाळीच हौदात टँकर रिकामा केला बगा त्यानं. अन् दुपारी एक जोडपं आलं होतं गाडीवर."