आठ महिने लेदरवर बसून: स्पोर्ट्स कारच्या सीटना घरीच चढवलेली नवी कव्हरं

पहिली चूक मी पाना हातात घेण्याआधीच केली. दोन सीटांपैकी आधी ड्रायव्हरची, म्हणजे स्वतःची सीट कामाला घेतली. सगळं शिकणं तिच्यावर झालं आणि त्या शिकण्याचा फायदा मिळाला शेजारच्या सीटला. आज आठ महिन्यांनी शेजारची सीट कारखान्यातून आल्यासारखी दिसते. माझ्या सीटच्या पाठीवरची मधली शिलाई मात्र बोटभर कललेली आहे. बायको गाडीत बसताना एकदा तिकडे बघते, एकदा स्वतःच्या सीटवरून हात फिरवते आणि काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गाडी आहे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आलेली, दोन सीटची, उघड्या टपाची. ही पिढी १९९७ पर्यंत बनत होती, म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता वयस्कर झाली आहे. एक बरं आहे, या मॉडेलच्या गाड्या जगभर भरपूर खपल्या (सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी २०१६ मध्ये बाहेर पडली), त्यामुळे तयार मापाची कव्हरं शोधावी लागत नाहीत. सीटच्या दोन्ही कडांना अंग धरून ठेवणारे उंचवटे असतात, त्यातल्या दाराकडच्या उंचवट्यावर मूळ कापड फाटून आतला पिवळा फोम दिसायला लागला होता. गाडीत चढता-उतरताना आपण त्या उंचवट्यावरूनच घसरतो, त्यामुळे बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये सीट आधी तिथेच जाते.

मागवलेला संच 'लेदर'चा होता, पण त्या शब्दावर जाऊ नका. अंग जिथे टेकतं तो मधला भाग आणि आतले उंचवटे खऱ्या चामड्याचे. सीटची मागची बाजू आणि खालचे काठ रेक्झिनचे. कित्येक नव्या गाड्यांतही असंच असतं, त्यामुळे यात फसवणूक नाही. फक्त मागवण्याआधी कुठला भाग कशाचा हे विचारून घ्या. शिलाईचा दोराही विचारा. टप उघडा ठेवून फिरणाऱ्या गाडीत पॉलिएस्टरचा दोरा हवा, कारण उन्हाच्या माऱ्यात नायलॉन लवकर कुजतो.

सीट बाहेर काढणं हा सगळ्यात सोपा भाग. प्रत्येक सीटला चार बोल्ट, १४ मिलिमीटरचं सॉकेट आणि लांब दांड्याचा रॅचेट. टप खाली केला की सीट सरळ वर उचलता येते. सीटखालचा वायरचा जोड आधी सोडा आणि दाराच्या उंबऱ्यावर जुनी गोधडी टाका, नाहीतर सीटखालच्या रुळाची कड रंगावर ओरखडा काढते. माझा निघाला आहे. गाडी नवी असेल आणि सीटच्या कुशीत एअरबॅग असेल, तर बॅटरी सोडून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय एअरबॅगच्या वायरच्या पिवळ्या जोडाला हात लावू नका. अशा सीटला साधं कव्हर अजिबात चालत नाही. एअरबॅग फुगताना फाटेल अशी खास शिलाई त्या जागी असावी लागते. मी स्वतः तरी तसली सीट घरी उघडणार नाही.

खरी कसरत जुनं कव्हर उतरवताना सुरू होते. कापड फोमला धरून ठेवतात त्या तारेच्या छोट्या कड्या, म्हणजे हॉग रिंग. त्या कटरने तोडायच्या. दिसतात निरुपद्रवी, पण तुटलेलं टोक सुईसारखं असतं. हातमोजे घाला आणि प्रत्येक तुकडा मोजून डब्यात टाका. माझा एक तुकडा फोममध्ये राहिला आणि तिसऱ्या आठवड्यात मांडीखाली टोचून त्याने स्वतःचा पत्ता सांगितला.

कव्हराच्या उलट्या बाजूला कापडाच्या बारीक नळ्या शिवलेल्या असतात आणि त्यात सरळ तारा ओवलेल्या असतात. कव्हर फोमच्या खोबणीत खेचून धरतात ते या ताराच. नव्या संचात त्या येतीलच असं नाही, माझ्या संचात नव्हत्या. जुन्या नळ्यांतून काढून, गंज पुसून, त्याच घालाव्या लागल्या. कुठली तार कुठल्या नळीतली हे मी लिहून ठेवलं नव्हतं. दोन तारांची अदलाबदल झाली आणि माझी शिलाई कलली ती तिथेच. शेजारच्या सीटच्या वेळी प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून नंबर टाकला.

आणि फोम. कव्हराबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात, फोमबद्दल एक ओळ. चामडं ताणून बसतं, ते खालचा खड्डा झाकत नाही, उलट उठावदार करून दाखवतं. दाराकडचा उंचवटा दबून गेला असेल तर त्यावर कितीही उंची कव्हर घाला, महिन्याभरात झोळ पडणार. मी त्या जागी फोमचा नवा तुकडा कापून स्प्रेच्या गोंदाने चिकटवला, कडा धारदार सुरीने तिरप्या तासल्या, वरून पॉलिएस्टरच्या कापसाचा पातळ थर दिला. हे शेजारच्या सीटवर निवांतपणे केलं. माझ्या सीटवर घाईत केलं, गोंद पुरता सुकायच्या आत कव्हर ओढलं, तुकडा आत सरकला. आजही वळणावर अंग एका बाजूला गेलं की बरगडीला ती पायरी जाणवते.

कव्हर चढवायच्या आधी तासभर उन्हात पसरून ठेवा. गार चामडं हट्टी असतं. पाठीचं कव्हर मोज्यासारखं उलटं करून वरून खाली उलगडत न्यायचं. फोमवर आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी घातली तर ते सरकतं, नाहीतर फोम चामड्याला सोडतच नाही. पिशवी नंतर ओढून काढा, नाहीतर बसल्यावर चुरचुर आवाज येत राहतो. रिंगा मधल्या खोबणीपासून लावायला सुरुवात करा, मग उंचवट्यांच्या खोबण्या, काठ सगळ्यात शेवटी. मी पहिल्यांदा उलट केलं. काठ ताणून पक्के केले आणि मग मधे आलो, तर तार खोबणीपर्यंत पोचेचना. अकरा रिंगा कापून पुन्हा पहिल्यापासून. रिंगांची पक्कड वाकड्या टोकाची घ्या. साध्या पकडीने रिंग दाबताना ती फिरते आणि आपल्याच अंगठ्यात घुसते.

शेवटी चुण्या राहिल्याच. त्यातल्या बऱ्याच वाफेच्या इस्त्रीने, मधे ओलं सुती फडकं धरून गेल्या. हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र, मात्र दूर ठेवा. एका ठिकाणी मी ती दोन सेकंद जास्त धरली आणि बोटाच्या पेराएवढा भाग कडक होऊन चकाकायला लागला. तो सीटच्या खालच्या काठावर आहे, कोणाला दिसत नाही, मला दिसतो. माझ्या सीटला दोन दिवस लागले, शेजारच्या सीटला एक दुपार.

आता वापराबद्दल. पहिले तीन आठवडे सीट फळीसारखी वाटली आणि डोकं टपाच्या कापडाच्या जरा जास्तच जवळ गेलं. नवा फोम आणि ताणलेलं चामडं दबायला वेळ घेतात. दुसऱ्या महिन्यात ती अंगाला बसली. वास दोन-अडीच महिन्यांत गेला. मला तो आवडायचा, ही तक्रारच समजा. कापडाच्या तुलनेत जोरात वळताना बूड सरकतं. उंचवटे धरून ठेवतात, पण पकड कापडाचीच चांगली होती. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसताना काय होतं ते सांगायला नको. मागे टॉवेल ठेवतो. मधोमध बारीक छिद्रं असलेलं चामडं घेतलं असतं तर घाम कमी आला असता, पण त्या छिद्रांत क्रीम अडकून पांढरं होतं, हेही पाहिलं आहे.

निगा राखायला फारसं काही नाही. गाड्यांच्या चामड्यावर रंगाचा आणि संरक्षक लेपाचा थर असतो. तेल किंवा भारी क्रीम त्यातून आत मुरत नाही, वर राहून धूळ धरतं. महिन्यातून एकदा सौम्य क्लीनर, ओलसर फडकं, मग कोरडं फडकं. माझा रंग गडद तपकिरी आहे, त्यामुळे नव्या जीन्सचा निळा रंग उतरायची भीती नाही. फिकट रंग घेणार असाल तर त्याचा विचार करा.

आठ महिन्यांत दाराकडच्या उंचवट्यावर तीन-चार बारीक घड्या पडल्या आहेत, शिलाई कुठेही उसवलेली नाही. एकच गोष्ट तुटली, तीही माझ्या कर्माने. शेजारच्या सीटला शेवटी रिंगा संपल्या म्हणून चार ठिकाणी बारीक केबल टाय, म्हणजे वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, लावले होते. सहाव्या महिन्यात त्यातले दोन तडकले आणि ती देखणी सीट मधोमध फुग्यासारखी वर आली. सीट काढून, रिंगा लावून परत बसवायला तासभर लागला. तेव्हा बायको मात्र बोलली: "काढलीच आहेस पाना-पक्कड, तर तुझीही सरळ करून टाक ना." माझी सीट मी अजून उघडलेली नाही. एवढ्यात उघडेन असंही वाटत नाही.