इम्प्लांटचा सीलबंद डबा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका

नाव देत नाही, कारण घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे. पण गप्पही बसवत नाही. २०१८ मध्ये पुण्यातल्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये मी ब्रेस्ट इम्प्लांट बसवून घेतले. ६०,००० कार्डाने, १,२५,००० रोख. "पक्कं बिल हवं तर अठरा टक्के जीएसटी पडेल, ताई." पक्क्या बिलाबरोबर पुरावाही गेला, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात येतं? फ्लॅटपासून फर्निचरपर्यंत सगळे असेच व्यवहार करतात.

खरी खूण डिस्चार्जच्या वेळी होती. इम्प्लांटच्या डब्यात सोलून काढायचे स्टिकर असतात. त्यावर कंपनी, सीसी (म्हणजे आकारमान), लॉट नंबर (कुठल्या खेपेत बनलं तो), सिरियल नंबर. एक केसपेपरवर लागतो, एक पेशंटच्या कार्डावर. मी कार्ड मागितलं. "कंपनीकडून कुरियरने येईल," म्हणाले आणि क्लिनिकच्याच लेटरहेडवर छापलेली, लॅमिनेट केलेली 'लाइफटाइम गॅरंटी' हातात ठेवली. टाके ताजे, डोकं जड. त्या अवस्थेत कोण हुज्जत घालणार?

आणि लाइफटाइम कसली! १९६२ मध्ये ह्यूस्टनला क्रोनिन आणि जेरो या सर्जननी पहिलं सिलिकॉन जेलचं इम्प्लांट बसवलं. तेव्हापासून कवच पातळ करून झालं, खडबडीत करून झालं, जेल घट्ट करून झालं. तरी ती फुटतात, भोवती कडक आवरण धरतं. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने तर औद्योगिक सिलिकॉन भरून जगभर विकलं, तेही युरोपात विक्रीसाठी लागणारा सीईचा शिक्का असताना. २०१० मध्ये बिंग फुटलं, २०१३ मध्ये संस्थापकाला चार वर्षांची शिक्षा झाली. 'युरोपियन माल आहे' या शब्दावर अजिबात जाऊ नका.

२०१९ मध्ये ॲलर्गनने बायोसेल जातीची खडबडीत इम्प्लांट लिम्फोमा या कॅन्सरच्या धोक्यामुळे जगभरातून परत मागवली. मी क्लिनिकला फोन केला. "तुमची ती नाहीत." मग कुठली? उत्तर नाही. गेल्या वर्षी डावी बाजू दगडासारखी झाली. एमआरआयचे ९,५००, दुसऱ्या सर्जनकडे दोन्ही काढायचे १,१०,०००. काढलेल्या इम्प्लांटवर ना नाव, ना नंबर.

पोलीस ठाण्यात हवालदार सगळ्यांना ऐकू जाईल असं "कसलं ऑपरेशन?" विचारत राहिला. मग म्हणे, डॉक्टरांचं प्रकरण आहे, मेडिकल कौन्सिलकडे जा. कौन्सिल म्हणालं, वस्तू खराब असेल तर औषध प्रशासनाकडे जा. तिथला साहेब म्हणतो, "लॉट नंबर द्या." अहो, तोच लपवलाय, तीच तर तक्रार आहे! ग्राहक आयोगातल्या कारकुनाने तक्रारीची दोन वर्षांची मुदत दाखवली. फसवणूक मला गेल्या वर्षी कळली, मुदत २०१८ पासून कशी मोजता? वर "हौसेचं ऑपरेशन ना?" हौस असली म्हणून लुटायची परवानगी मिळते का?

केसपेपर लेखी अर्ज करून लगेच मागा. ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, पण जपून ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं. मला "नष्ट केले" असं उत्तर मिळालं. काढलेली इम्प्लांट फेकू देऊ नका, सही घेऊन ताब्यात घ्या. आणि भूल द्यायच्या आधी सीलबंद डबा समोर आणायला लावा, नंबरचा फोटो काढा. टाळाटाळ केली तर तिथूनच उठून घरी या.